एल्विस प्रेस्ली : गळा पोराचा, निम्मा गल्ला मॅनेजरचा

गावात एखाद्या पोराचा गळा गोड निघाला की आता गाणं मोबाईलवर टाकायला वेळ लागत नाही. आठ-पंधरा दिवसांत लाखभर लोक ते बघतात. मग कुठून तरी फोन येतो. पोराला मोठं करतो म्हणून कुणी तरी छापील कागद पुढं करतं. आईबाप हरखून जातात आणि सही होते. त्या कागदात नेमकं काय लिहिलं होतं, ते पुढं कधीतरी कळतं.

सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका गरीब घरात अशीच सही झाली. पोराचं नाव एल्विस प्रेस्ली. ज्यानं सही घेतली त्याचं नाव कर्नल टॉम पार्कर. एल्विस कोण ते माहीत नसेल, तर शम्मी कपूर आठवा. मान झटकत, अंग घुसळत गाणाऱ्या शम्मी कपूरला लोक भारताचा एल्विस म्हणायचे. तो मूळचा एल्विस हाच. रॉक अँड रोल संगीताचा राजा म्हणून जगानं त्याला डोक्यावर घेतलं आणि वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी तो गेला. त्याच्या आयुष्याचा हा हिशोब आपल्या पोरांसाठी वाचण्यासारखा आहे.

कापसाच्या मुलखातलं दोन खोल्यांचं घर

मिसिसिपी हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं कापसाचं राज्य. तिथल्या टुपेलो गावात ८ जानेवारी १९३५ रोजी एल्विस जन्मला. जुळी पोरं होती, पण त्याचा भाऊ मेलेलाच जन्माला आला. बापाचं नाव व्हर्नन, आईचं ग्लॅडिस. घर लाकडी, दोन खोल्यांचं. बापानं १८० डॉलर उसने घेऊन ते बांधलं होतं. पैसे ऑर्व्हिल बीन नावाच्या, दुधाचा धंदा करणाऱ्या जमीनमालकाचे. घराखालची जागाही त्याचीच. व्हर्नन कधी त्याच्याकडं राबायचा, कधी मिळेल ते काम करायचा.

१९३७ साली व्हर्ननने याच मालकाला डुक्कर विकलं. त्यापोटी मिळालेल्या चेकवरची रक्कम त्याने आणि त्याच्या दोन साथीदारांनी वाढवली, असा गुन्हा दाखल झाला. शिक्षा झाली तीन वर्षांची. पार्चमन नावाच्या तुरुंगात कैद्यांकडून शेती करून घेत, तिथं त्याची रवानगी झाली. काही महिन्यांनी तो सुटला, पण तोवर घर हातचं गेलं होतं. एल्विस तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. एका कागदापायी बाप आत गेला आणि घर गेलं, हे या कुटुंबानं सोसलेलं होतं. पैशाची आणि साहेब लोकांची धास्ती व्हर्ननच्या मनात पुढं कायम राहिली.

पोरगं मात्र गाण्यात रमलेलं असायचं. चर्चमधली भजनं, रेडिओवरची गाणी आणि काळ्या लोकांच्या वस्तीतलं ब्लूज संगीत हे सगळं त्याच्या कानावर पडत होतं. दहाव्या वर्षी तो गावाकडच्या जनावरांच्या जत्रेत, स्टुलावर उभा राहून गायला. अकराव्या वाढदिवसाला आईनं त्याला गिटार घेऊन दिली. १९४८ साली घरातली सगळी मेम्फिस शहरात गेली आणि सरकारी वसाहतीत राहू लागली. शाळा संपल्यावर एल्विस एका इलेक्ट्रिक कंपनीचा ट्रक चालवू लागला.

चार डॉलरचं रेकॉर्ड

मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स नावाच्या माणसाचा छोटा स्टुडिओ होता. पैसे भरले की कुणालाही तिथं आपल्या आवाजाची तबकडी करून मिळायची. १९५३ च्या उन्हाळ्यात एल्विसनं तिथं चारेक डॉलर भरून दोन गाणी म्हटली. पुढं जुलै १९५४ मध्ये फिलिप्सनं त्याला बोलावून घेतलं. साथीला गिटारवर स्कॉटी मूर आणि बासवर बिल ब्लॅक. बराच वेळ काही जमेना. दमून बसल्यावर एल्विसनं सहज एक जुनं ब्लूज गाणं झपाट्यानं म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्या दोघांनी साथ धरली. फिलिप्सला हवं होतं ते तिथं सापडलं. गाणं स्थानिक रेडिओवर लागलं आणि केंद्रावर फोनवर फोन येऊ लागले.

वर्षभरात दक्षिणेतल्या गावोगावी त्याचे कार्यक्रम सुरू झाले. पोरी किंचाळायच्या, पोरं त्याच्यासारखे केस ठेवायची. तोवर त्याचा मॅनेजर बॉब नील नावाचा रेडिओवरचा निवेदक होता. माणूस सरळ, पण त्याची पोच तिथल्या तिथंच. हे सगळं दुरून एक माणूस पाहत होता.

कर्नल नसलेला कर्नल

टॉम पार्करचं खरं नाव आंद्रेआस कोर्नेलिस व्हान कौक. जन्म १९०९ सालचा, हॉलंडमधल्या ब्रेडा गावचा. विशीच्या आसपास तो कागदपत्रांशिवाय अमेरिकेत शिरला आणि नाव बदलून तिथलाच झाला. लष्करात काही वर्षं होता, तिथून पळाला आणि शेवटी मानसिक आजाराच्या कारणावरून त्याला घरी पाठवलं. मग तो फिरत्या जत्रेत लागला. लोकांच्या खिशातला पैसा बाहेर कसा काढायचा, हे शिक्षण त्याचं तिथंच झालं. कर्नल ही पदवी लष्करातली नव्हती. लुइझियाना राज्याच्या गव्हर्नरनं १९४८ साली ती त्याला मानाची म्हणून दिली होती. त्यानं ती जन्मभर नावापुढं मिरवली.

एल्विसच्या आधी त्यानं एडी अर्नोल्ड नावाच्या गायकाला मोठं केलं होतं. धंदा त्याला येत होता, यात वाद नाही. कार्यक्रम कुठं लावायचा, तिकीट किती ठेवायचं, जाहिरात कशी करायची, समोरच्याकडून शेवटचा डॉलर कसा काढायचा, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

१९५५ च्या उन्हाळ्यात त्यानं एल्विसच्या घरी जा-ये सुरू केली. एल्विस २१ वर्षांचा झाला नव्हता, म्हणून कायद्यानं आईबापाची सही लागत होती. ग्लॅडिसला हा माणूस पसंत नव्हता. मग पार्करनं हँक स्नो या नामांकित गायकाला पुढं केलं. स्नो तेव्हा पार्करचा धंद्यातला भागीदार होता. ग्लॅडिसला त्याची गाणी आवडायची आणि त्याच्या शब्दावर तिचा विश्वास बसला. ऑगस्ट १९५५ मध्ये सह्या झाल्या. नंतर स्नोला कळलं की एल्विसच्या धंद्यात आपल्याला वाटाच नाही. ज्याच्या तोंडाकडं बघून सही झाली, त्यालाच पार्करनं बाजूला सारलं होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पार्करनं एल्विसला सॅम फिलिप्सच्या छोट्या कंपनीकडून आरसीए या मोठ्या कंपनीत नेलं. आरसीएनं फिलिप्सला ३५ हजार डॉलर मोजले. नवख्या गायकासाठी एवढी रक्कम तोवर कुणी दिली नव्हती. मार्च १९५६ मध्ये पार्कर एकटा मॅनेजर झाला. कमिशन ठरलं २५ टक्के. त्या धंद्यात तेव्हा १० ते १५ टक्के चालत होतं.

सुगीचं वर्ष

१९५६ हे एल्विसचं सुगीचं वर्ष. पहिलंच मोठं गाणं देशात एक नंबरला गेलं. ९ सप्टेंबरला तो एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात गायला आणि सुमारे ६ कोटी लोकांनी तो बघितला. त्या वेळी टीव्हीसमोर बसलेल्या शंभर माणसांतली ८२ माणसं त्यालाच बघत होती. तीन कार्यक्रमांचे मिळून ५० हजार डॉलर ठरले होते. त्या काळात ही रक्कम ऐकून भले भले चाट पडले.

पार्करनं एल्विसचं नाव दिसेल त्या मालावर लावलं. लिपस्टिक, पँट, बूट, फोटो, बिल्ले. ज्यांना एल्विस आवडत नव्हता त्यांनाही त्यानं सोडलं नाही. त्यांच्यासाठी एल्विसचा राग येतो असं लिहिलेले बिल्ले काढले आणि तेही विकले. शिव्या देणाऱ्याकडूनही पैसा काढणारा माणूस होता तो.

मार्च १९५७ मध्ये एल्विसनं मेम्फिसमध्ये १ लाख २ हजार ५०० डॉलरला ग्रेसलँड नावाचा वाडा घेतला आणि आईबापाला तिथं नेलं. दोन खोल्यांचं घर गमावलेल्या बापाला पोरानं वाडा दिला. या टप्प्यावर पार्करला वाईट कोण म्हणणार? भाव त्यानंच मिळवून दिला होता.

पण सोबतच्यांचं बघा. स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक पहिल्या दिवसापासून साथीला होते. त्यांना दौऱ्यावर असताना आठवड्याला २०० डॉलर आणि घरी असताना १०० डॉलर मिळायचे. एल्विस लाखोंत खेळत होता. शेवटी १९५७ च्या सप्टेंबरमध्ये दोघांनी राजीनामे दिले. पार्करला एल्विसच्या जवळचं दुसरं माणूस नकोच असायचं.

आई गेली, सिनेमे आले

मार्च १९५८ मध्ये एल्विस सक्तीच्या लष्करी भरतीत गेला. त्याच ऑगस्टमध्ये ग्लॅडिस वारली. घरात पार्करबद्दल मनात शंका धरणारं माणूस होतं ते एवढंच. एल्विस पुढं जर्मनीला गेला आणि १९६० च्या मार्चमध्ये परतला. त्यानंतर पार्करनं त्याला सिनेमात जुंपलं. वर्षाला तीन-तीन सिनेमे. कथा सारखीच, समुद्रकिनारा, पोरी, मारामारी आणि मधे गाणी. आयुष्यात त्यानं एकूण ३१ कथापट केले. पैसा बक्कळ मिळाला, पण चांगल्या कामाची त्याची हौस राहून गेली. एकाच रानात वर्षाला तीन पिकं काढायची आणि शेणखताची पाटी टाकायची नाही, म्हणजे काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. लोक कंटाळले. तोवर बीटल्स आले होते.

गाण्यांचंही तसंच. एल्विसनं गाणं म्हणायचं असेल तर लिहिणाऱ्यानं आपल्या हक्कातला मोठा हिस्सा एल्विसच्या प्रकाशन कंपनीला सोडायचा, असा रिवाज होता. चांगले लिहिणारे दूर झाले आणि त्याच्या वाट्याला राहिलेली-साहिलेली गाणी आली.

आणि नेमक्या या पडत्या काळात, जानेवारी १९६७ मध्ये, पार्करचं कमिशन २५ वरून बऱ्याच व्यवहारांत ५० टक्क्यांवर गेलं. मंडईत शेकडा पाच-सात अडत कापली तरी आपण पट्टी दोन वेळा वाचतो. इथं निम्मं गेलं. निम्म्या वाट्याची बटई आपल्याकडंही असते, पण त्यात एकाची जमीन असते आणि दुसऱ्याची मेहनत. इथं गळाही एल्विसचा आणि घामही एल्विसचा.

१९६८ साली एकदाच त्यानं पार्करचं मोडलं. टीव्हीवरच्या खास कार्यक्रमात नाताळची गाणी म्हणावीत असा पार्करचा हट्ट होता. दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडरनं एल्विसला काळ्या चामड्याचे कपडे घालून, लोकांच्या मधोमध बसवून त्याची जुनी गाणी म्हणायला लावली. कार्यक्रम गाजला. पडलेला एल्विस पुन्हा उभा राहिला. पार्करचं न ऐकताही जमतं, हे त्या रात्री सिद्ध झालं होतं.

उचल आणि जुगार

३१ जुलै १९६९ पासून एल्विस लास व्हेगासच्या नव्या हॉटेलात गाऊ लागला. चार आठवड्यांत ५७ कार्यक्रम. पुढचा करार वर्षाला १० लाख डॉलरचा झाला. वर्षातून दोन वेळा, दर वेळी चार-चार आठवडे, बहुतेक दिवशी दोन कार्यक्रम. लास व्हेगास हे जुगाराचं गाव, आणि पार्कर पक्का जुगारी. तो त्याच हॉटेलात लाखो डॉलर हरायचा. ज्या हॉटेलचं मॅनेजरवर देणं, त्याच हॉटेलाशी तो आपल्या गायकाचा भाव ठरवत होता. दुकानदाराचं देणं थकवलेल्या अडत्यानं त्याच दुकानदाराला आपला माल घालावा, तसला हा व्यवहार.

परदेशातून एल्विसला मोठमोठी बोलावणी यायची. इंग्लंड, जर्मनी, जपान. पार्कर सगळ्यांना नाही म्हणायचा. १९५७ साली कॅनडात झालेले थोडे कार्यक्रम सोडले, तर एल्विस अमेरिकेबाहेर कधी गायला नाही. याचं कारण बहुतेक जण असं मानतात की पार्करकडं पासपोर्टच नव्हता. बाहेर गेलो तर परत येता येणार नाही आणि पोराला एकटं सोडलं तर दुसरा कुणी गाठेल, ही भीती. एका माणसाच्या लपवलेल्या कागदांपायी जगाला एल्विस समोर बघायला मिळाला नाही.

सगळ्यात मोठा घाव १९७३ चा. एल्विसच्या तोवरच्या सगळ्या रेकॉर्डिंगवर पुढं मिळायची ती रॉयल्टी पार्करनं आरसीएला एकरकमी विकली. किंमत ५४ लाख डॉलर. त्यातले निम्मे पार्करचे. एल्विसच्या वाट्यातून कर गेला आणि हातात २० लाखांच्या आसपास उरले. बायकोशी काडीमोड त्याच वर्षी होत होता, पैशाची नड होती. आपण लग्नासाठी बांधावरची फळती बाग विकतो आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या टोपल्या भरताना बघतो, तशी गत. ती गाणी आजही जगभर वाजतात.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एल्विसनं चिडून पार्करला काढून टाकलं. पार्करनं उत्तरादाखल येणं असलेल्या पैशाचा लांबलचक हिशोब पाठवला. बापलेकांनी तो बघितला आणि एवढे पैसे आणायचे कुठून म्हणून पुन्हा त्याच्याकडंच गेले. ऊसतोडीतल्या उचलीचा फास ज्यांनी जवळून बघितलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

शेवटची वर्षं वाईट गेली. शरीर सुजलेलं, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांवर दिवस आणि रात्र. तरी दौऱ्यामागून दौरे चालूच. १६ ऑगस्ट १९७७ रोजी ग्रेसलँडमध्ये तो मेला. वय ४२. पार्करनं लगोलग एल्विसच्या नावाचा माल विकायचा नवा करार करून घेतला आणि व्हर्ननचीही संमती मिळवली. अंत्यविधीला तो रंगीबेरंगी शर्ट आणि टोपी घालून आल्याचं सांगतात.

कोर्टात निघालेला हिशोब

१९७९ साली व्हर्नन वारला. वारस एल्विसची मुलगी लिसा मेरी, ती अजून लहान. त्यामुळं इस्टेटीचे कागद कोर्टापुढं आले. पार्करला अजूनही निम्मा वाटा जातोय हे पाहून न्यायाधीश चमकले. मुलीच्या बाजूनं तपास करायला त्यांनी ब्लँचर्ड ट्युअल नावाचा वकील नेमला. वकिलानं सगळी कागदपत्रं चाळली आणि अहवाल दिला की हे कमिशन वाजवीपेक्षा फार जास्त होतं, १९७३ च्या व्यवहारात सगळे जोडकरार धरले तर गायकापेक्षा मॅनेजरलाच जास्त पैसे गेले, आणि कर वाचवायची साधी तजवीजही कधी केली गेली नाही. १९८१ मध्ये कोर्टानं पार्करचे पैसे बंद करायला आणि त्याच्यावर दावा लावायला सांगितलं.

तेव्हा पार्करनं अजब पवित्रा घेतला. आपण अमेरिकेचे नागरिकच नाही, म्हणून आपल्यावर दावा चालत नाही, असं त्यानं मांडलं. जे पन्नास वर्षं लपवलं तेच अंगावर आल्यावर ढाल म्हणून वापरलं. शेवटी १९८३ मध्ये तडजोड झाली आणि त्याचा हक्क संपला. १९९७ साली लास व्हेगासमध्ये तो वारला. एवढं कमावून मागं फारसं काही उरलं नव्हतं. बाकीचं जुगारात गेलं होतं.

इकडं ग्रेसलँड १९८२ साली लोकांना तिकीट लावून खुलं झालं आणि इस्टेट सावरली. मॅनेजर बाजूला झाल्यावर एल्विस जास्त कमावू लागला, पण ते बघायला तो स्वतः नव्हता.

दोष एकट्या पार्करचा?

तसं म्हणता येत नाही. पार्कर नसता तर एल्विस दक्षिणेतल्या चार राज्यांपुरताच राहिला असता, असंही होऊ शकलं असतं. आणि एल्विस सज्ञान झाल्यावर, जगप्रसिद्ध झाल्यावरही तो कागद फिरवून बघत नव्हता. या माणसानं आपल्याला वर आणलं, ही भावना त्याच्या मनात होती. उपकाराची जाण असणं चांगलंच. पण पहिल्या सुगीला चांगला भाव मिळवून दिला म्हणून अडत्याच्या नावावर निम्मं शेत कुणी करून देत नाही.

अशीच गरिबीतून आलेली डॉली पार्टन नावाची गायिका बघा. टेनेसीच्या डोंगरात, बारा भावंडांच्या घरात वाढलेली, बाप तंबाखूची शेती करणारा. १९७४ च्या सुमारास तिचं एक गाणं एल्विसला गायचं होतं. तिला आभाळ ठेंगणं झालं. रेकॉर्डिंगच्या तोंडावर पार्करनं कळवलं की गाण्याचा निम्मा हक्क द्यावा लागेल. ती रात्रभर रडली, पण नाही म्हणाली. तेच गाणं १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टन गायली, ते जगभर वाजलं आणि डॉलीला त्याचे लाखो डॉलर मिळाले. हक्क तिच्या नावावर होता म्हणून.

उलट, एल्विसनं १९५४ मध्ये जे पहिलं गाणं गायलं, ते मूळ आर्थर क्रुडप या काळ्या ब्लूज गायकाचं. त्याचे हक्काचे पैसे त्याच्या मॅनेजरकडंच राहिले. क्रुडप मजुरी करत जगला आणि १९७४ मध्ये गेला.

तर आपल्या गावातल्या पोरापोरींपुढं कागद आला, तर सहीआधी एवढं विचारून घ्या. वाटा किती टक्के? मुदत किती वर्षं? पैसे आधी कुणाच्या खात्यात येणार आणि हिशोब किती महिन्यांनी मिळणार? गाण्याचा हक्क कुणाच्या नावावर? मधेच सोडायचं झालं तर काय? उत्तर तोंडी नको, कागदावर हवं. कागद इंग्रजीत असेल तर दोन दिवस मागून घ्या आणि तालुक्याच्या वकिलाकडून वाचून घ्या. पाचशे-हजार फी जाईल. दोन दिवस थांबायला नाही म्हणणारा माणूस असेल, तर त्या कागदावर सही न केलेलीच बरी.